पिशवी न घेता

आमच्या दाराच्या मागं एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला कापडी पिशव्या. त्यातली एक हातात आली की समजायचं, माणूस बाहेर निघाला. भाजीला पिशवी, सुताच्या बाजाराला पिशवी, लग्नाला आहेराची, दवाखान्याला फायलीची. कपिलेश्वराला गेलो तरी नारळाची पिशवी असायचीच. लग्नाला पंचवीस वर्षं होईपर्यंत आम्ही दोघं मिळून कितीतरी वेळा घराबाहेर पडलो असू, पण पिशवीशिवाय पडल्याचं मला तरी आठवत नाही. काहीतरी आणायचं, काहीतरी पोचवायचं, नाहीतर कुणाला तरी बघून यायचं. नुसतं जायचं हे आमच्या हिशेबात कधी नव्हतंच.

आम्ही वडगावचे. बेळगावच्या ह्या भागात घराघरांतून माग. सकाळी दूधवाल्याच्या हाकेआधी खटक-खटक सुरू होतं. आमच्या ह्यांचा जन्म हातमागाच्या खड्ड्याशेजारी झाला आणि सगळं आयुष्य चार पॉवरलूमच्या आवाजात गेलं. आता त्यातले दोनच चालतात. मी मराठी शाळेत शिक्षिका. म्हणजे घरात एक कायम ओरडून बोलणारा आणि एक कायम ओरडून शिकवणारी. गल्लीत आमची कुठलीच गोष्ट गुप्त राहत नाही.

2024 च्या डिसेंबरात लग्नाला 25 वर्षं झाली तेव्हा पुण्याच्या लेकीनं फोनवर एक चिठ्ठी पाठवली. दोघांसाठी दीड तासाचा कपल स्पा. ह्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. "कपाळ स्पा? म्हणजे कपाळावर तेलाची धार सोडतात तसलं? ते शहापूरच्या आयुर्वेद हॉस्पिटलात करतात की. हिला पुण्यातनं पाठवायचं काय कारण?" कपाळ नव्हे, कपल, असं मी सांगितल्यावर ह्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि विचारलं, "पैसे परत मिळतात काय बघ."

पैसे परत मिळत नव्हते. म्हणून आम्ही गेलो. आमच्या आयुष्यातला पहिला निव्वळ आराम हा असा पैसे बुडू नयेत म्हणून झाला.

टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या हे म्हणाले, "परत जाऊया काय?" तेवढ्यात गाडी गेली, गेट उघडलं आणि निमित्त संपलं.

आत शिरलो तर सगळीकडं अंधूक उजेड, कुठंतरी पाण्याची झुळझुळ आणि बासरी. काउंटरवरच्या मुलीनं कन्नडमधून स्वागत केलं. आतल्या दोघी मणिपूरच्या, त्या हिंदी बोलायच्या. तेलाच्या बाटल्यांवर इंग्रजी. आम्ही आपसात मराठी. बेळगावात चार भाषांशिवाय मालिशसुद्धा होत नाही. पुढं दोघांच्या हातात एकेक पुडी दिली, तिच्यात कागदासारखी चड्डी. ह्यांनी ती उजेडाकडं धरली, दोन बोटांत चोळून बघितली आणि निकाल दिला: "विणलेलं नाही हे. नुसतं चिकटवलंय." चाळीस वर्षं कापडात घालवलेला माणूस दुसरं काय बोलणार!

मग आम्हाला शेजारी-शेजारी खुर्च्यांवर बसवून समोर पितळी घंगाळं ठेवली. त्यात कोमट पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. ती मुलगी खाली बसून ह्यांच्या पायाला हात लावणार, तोच हे उभे राहिले. पाय धुवायचे ते जावयाचे नाहीतर देवाचे, असं डोक्यात पक्कं. आपल्या लेकीच्या वयाच्या पोरीनं आपले पाय धुवायचे म्हणजे पापच. त्या पोरीला काही कळेना. शेवटी ह्यांनी स्वतःच खाली बसून आपले पाय आपण धुतले आणि माझ्या घंगाळातल्या दोन पाकळ्या बाजूला करून म्हणाले, "तूबी धुऊन घे, पाणी चांगलं तापलंय."

'स्पा' हे खरं तर बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, त्याचंच नाव पुढं सगळ्या जगातल्या आरामाला लागलं. उद्या कुणी 'आज जरा गोकाक करून घेतलं' म्हणालं तर कसं वाटेल, तसंच हे.

आत दोन पलंग होते. मुलीनं ह्यांना हळूच विचारलं, "सर, प्रेशर कैसा चाहिए?" हळू बोललेलं ह्यांना ऐकू येत नाही, मागानं कान खाल्लेत. मी शेजारच्या पलंगावरून ओरडले, "जोर किती लावू विचारतेय!" तिकडून तितक्याच मोठ्यानं उत्तर आलं, "ताण मध्यम ठेव म्हणावं, धागा तुटाय नको." बासरी बिचारी तशीच चालू होती.

पण पुढची दहा मिनिटं ह्यांना झोप काही येईना. सारखे मान वर करून बघायचे. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "एवढं शांत झालं की मला वाटतंय माग थांबला. कुठंतरी धागा तुटलाय. उठून बघायला पाहिजे." शांततेचा अर्थ बिघाड असा असतो, हे मला इतकी वर्षं शेजारी झोपून कळलं नव्हतं. रात्री लाइट गेली की हे दचकून जागे का होतात तेही तेव्हाच कळलं. मग मात्र असे घोरायला लागले की त्या दोन्ही मुली तोंडाला हात लावून हसल्या.

माझं वेगळंच झालं. त्या मुलीचा अंगठा उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली एका जागी थांबला. वर्षानुवर्षं हात वर करून फळ्यावर लिहिताना तिथं एक गाठ बसलीय. तिनं ती बरोबर शोधली, आणि मला एकदम वडगावातली मालिशवाली आजी आठवली. मुलीच्या वेळी सासूबाईंनी लावून दिलेली. चाळीस दिवस ती रोज सकाळी यायची. खरखरीत हात, कोमट तेल, मग कढत पाणी, मग खाटेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. ती अंग रगडायची तेव्हा मी रोज कण्हायचे आणि ती गेली की रोज तिची वाट बघायचे. त्यानंतर माझ्या पाठीला कुणाचा असा सवडीनं हात लागला नव्हता. लेक आता तेवीस वर्षांची आहे.

आपल्याकडं अंगाला दुसऱ्याचा हात लागायला निमित्त लागतं. जन्मलो की टाळू भरतात, हळदीला पाच सवाष्णी येतात, बाळंत झालो की मालिशवाली येते. नरक चतुर्दशीला पाटावर बसवून तेल-उटणं लावतात, कारीट फोडायच्या आधी. आणि शेवटची आंघोळ, ती तर आपल्याला कळतही नाही. मधली सगळी वर्षं आपण आपलंच अंग कसंतरी ओढत नेतो. आयुर्वेदात अभ्यंग रोज करायला सांगितलाय, त्यातही डोकं, कान आणि तळपाय विशेष करून. आम्ही त्याचा वर्षातून एक दिवस केला, तोही पहाटे, थंडीत, फटाक्यांच्या गडबडीत.

बाहेर आलो तेव्हा दोघांचेही चेहरे तुकतुकीत. रिक्षा न करता खडेबाजारापर्यंत चालत गेलो. कुंदा घेतला पाव किलो. पैसे देऊन झाल्यावर मी चमकले, दोघांचेही हात मोकळे! पिशवी आणलीच नव्हती. पिशवी न घेता आपण बाहेर पडलो, असं मी कौतुकानं म्हणाले. ह्यांनी काही न बोलता पँटच्या मागच्या खिशातून घडी केलेली पिशवी काढली.

गल्लीच्या तोंडाशी शेजारचे भेटले. "काय काकू, कुठनं येऊलालाय जोडीनं?" आमच्या बेळगावी मराठीत हे येऊलालाय, जाऊलालाय, करुलालाय फार; पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून गुदगुल्या होतात. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "दवाखान्यात गेल्तो." शेजाऱ्यांचा चेहरा लगेच गंभीर झाला. संध्याकाळी त्यांच्या घरून मुगाची खिचडी आली. आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली आणि वर कुंदा खाल्ला.

त्या खिचडीवरून आमचं भांडण झालं. खोटं कशाला सांगायचं? हे म्हणाले, खरं सांगून काय सांगू? पैसे देऊन अंग चोळून घेतलं म्हणून? मलाही उत्तर सुचलं नाही. पण त्या भांडणातून एक नियम निघाला. महिन्यातला दुसरा शनिवार, माझी सकाळची शाळा सुटली की दोघांनी बाहेर पडायचं. काम नसलं पाहिजे. देवदर्शन, दवाखाना, लग्न, मयत, बँक यातलं काही चालणार नाही. आणि पिशवी नाही, खिशातलीसुद्धा.

नियम अर्ध्या वेळा मोडला. राकसकोपचा तलाव झाला, यळ्ळूरचा राजहंसगड झाला. गोकाकच्या धबधब्याला गेलो तर उन्हाळ्यामुळं पाण्याची नुसती दोरी, मग करदंट खाऊन परत आलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच मला आवडलं.

फिरण्याला एक सरकारी मदतही झाली. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसमधून प्रवास फुकट. शक्ती योजना. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. मी खिडकीशी राणीसारखी बसते आणि हे खिशातून नोटा मोजतात. त्याच्या आधी तीन महिने महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. म्हणजे आमच्यासारखीचा भाव सीमेच्या अलीकडं शून्य आणि पलीकडं पन्नास टक्के. सीमाप्रश्नाची सुनावणी कोर्टात कधीची तुंबलीय, पण माझ्यापुरता हा निकाल लागला आणि मी कोल्हापूरपेक्षा गोकाकला जास्त वेळा गेले. माझ्या माहेरच्यांना हे वाचून राग येईल. येऊ दे.

मग खरेदी. एका शनिवारी पाऊस लागला म्हणून आडोशाला तरण्या पोरांच्या कपड्यांच्या दुकानात शिरलो. आत गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की हे एकदम खुलले. घरी आल्यासारखं वाटलं असणार. समोरच्या पुतळ्याला गुडघ्यावर फाटलेली जीन्स. माझ्या वयाच्या बायका अशा वेळी 'अगंबाई, फाटकं विकतात' म्हणतात, मीही म्हणाले. हे मात्र पुतळ्यापुढं उकिडवे बसले आणि फाटलेल्या जागेत बोट घातलं.

"कापलेलं नाही हे. काढलंय." सेल्समन पोरगा धावत आला, त्याला वाटलं तक्रार आहे. ह्यांनी त्यालाच धरला. "हे बघ. डेनिमचा ताणा निळा असतो आणि बाणा पांढरा. उभे निळे धागे तेवढे उसवून काढलेत, आडवे पांढरे ठेवलेत. म्हणून ही पांढरी जाळी दिसते. आणि निळा विटतो का सांग? नीळ धाग्याच्या पोटात शिरत नाही, वरवर बसते. घासलं की आतला पांढरा वर येतो." पोरानं विचारलं, काका, तुम्ही कुठल्या ब्रँडमध्ये होता? हे म्हणाले, "वडगाव."

दोन वर्षं तिथं जीन्स विकणाऱ्या त्या पोरानं त्या दिवशी पहिल्यांदा जीन्स उलटी करून बघितली. आम्ही काही घेतलं नाही. पाऊस उघडला, निघालो. पण हे रस्ताभर बोलत होते, जे मागावर बसल्यापासून मी क्वचितच ऐकलंय. आयुष्यभर ह्यांनी धागा तुटू नये म्हणून जीव टाकला आणि इथं लोक धागा काढायचे पैसे घेतात. राग नव्हता त्यात. थोडी चेष्टा होती आणि बरीचशी असूया.

जाकिटाचं त्यातूनच निघालं. सासूबाईंची एक नऊवारी इरकल ट्रंकेत होती. हिरवट-निळं अंग, गोमीचा काठ, लाल पदर. अंग विरत चाललेलं, घडीवर दोन जागी फाटलेलं, काठ-पदर मात्र शाबूत. इरकलीचा पदर रेशमाचा असतो आणि अंगाचे उभे धागे वेगळे, पदराचे वेगळे. विणायच्या आधी एकेका धाग्याचा फास दुसऱ्यात अडकवून असे हजारो धागे जोडायचे, ह्याला टोपी-तेणी म्हणतात. म्हणजे एक लुगडं विणून झालं की दुसऱ्यासाठी पुन्हा जोडणी. लांबच्या लांब ताणा लावून भराभर कापत सुटता येत नाही. पदरावर पांढऱ्यात कंगव्याचे दात, किल्ल्याचे बुरूज, जोंधळ्याची कणसं. ह्यांच्या स्वतःच्या मागावर कृत्रिम रेशमाच्या साड्या निघायच्या, दिवसाला कितीतरी. त्यांच्याकडं हे कधी वळूनसुद्धा बघत नसत. आईचं लुगडं मात्र हात धुऊन उघडलं.

हल्ली खणाच्या टोप्या निघाल्यात, खणाचे कानातले निघालेत, इरकलीचे कुडते तर लग्नात दर तिसऱ्या अंगावर. म्हटलं, ह्याचं तुम्हाला जाकीट शिवूया. शहापुरातल्या शिंप्यानं लुगडं हातात घेतलं आणि कात्री खाली ठेवली. "वहिनी, जुन्या लुगड्याची वाकळ करतात. जाकीट करत नाहीत." मी म्हणाले, वाकळ अंथरुणात राहते, मला हे बाहेर न्यायचंय. त्याची समजूत घालायला दोन चहा लागले. ह्यांची वेगळीच अट: लाल पदर आतून लावायचा, अस्तराला. लोक काय म्हणतील? शिंपी म्हणाला, "आतनं लावून कुणाला दाखवणार ओ? अस्तर काय आम्ही शिंपीच बघतो." पदर बाहेर लागला, पाठभर. कात्री फिरली तेव्हा हे दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे होते.

जाकीट झालं, पण ते घालून जायचं कुठं हा प्रश्न उरला. तेवढ्यात 2025 च्या जूनमध्ये ती बातमी आली. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं थेट कोल्हापुरी चपलेसारखी सँडल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आमच्याकडं मोठी चर्चा. पण चर्चेत एक गोष्ट सगळे विसरत होते. कोल्हापुरी चपलेचा भौगोलिक मानांकनाचा हक्क 2019 मध्ये आठ जिल्ह्यांना मिळून मिळालाय: पलीकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नाव त्यांचं, पण हात आमचेही. अथणीत तर गल्ल्याच्या गल्ल्या ह्यावर जगतात. जमीन आठ जिल्ह्यांची एक होत नाही, चप्पल झाली.

अथणी आमच्याच जिल्ह्यात, पण दिवस मोडतो एवढी लांब. माझं शून्याचं तिकीट, ह्यांचं पूर्ण. ह्यांनी जाकीट घातलं होतं; एसटी स्टँडवर तीन जणांनी वळून बघितलं आणि एका म्हातारीनं जवळ येऊन पाठीवरच्या पदरावरून हात फिरवला. काही बोलली नाही. ह्यांनी मान ताठ केली ती अथणीपर्यंत.

तिथं एका घराच्या सोप्यावर बसलो. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास, ओला, तुरट, पहिल्यांदा नाकाला झोंबतो, नंतर सवय होते. तळ कापायचं काम पुरुष करत होते आणि वेणी घालायचं बायका. कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या त्या अशा वळवत होत्या, जशी मी लेकीची वेणी घालायची, न बघता, गप्पा मारत. ह्यांनी मागाच्या बाजारात शिकलेल्या कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु री?" भाव ऐकला आणि घासाघीस केली नाही. मी ह्यांना ओळखते, मला धक्का बसला. नंतर म्हणाले, "जिथं वेणी हातानं घालतात तिथं मी कशी घासाघीस करू? मला माहीत आहे की तासाला किती होतं ते."

मला नाजूक, गोंड्याची दाखवत होते. मला नको होती. बाजूला पुरुषांची जाड कानाची, रुंद पट्ट्याची एक जोडी होती, ती मी पायात घातली. मालकीणबाई हसल्या, मग त्यांनीच माझ्या मापाची तशी शोधून काढली. आयुष्यभर मी आवाज न करणाऱ्या चपला घातल्या. वर्गात पोरांना बाई आल्याचं कळू नये म्हणून. ही वाजते. ह्यांचीही वाजते. हे सोप्यावर दोन फेऱ्या मारून आले आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वाजतंय काय गं?" तेव्हा ध्यानात आलं, मागाचा खटका ह्यांना ऐकू येतो पण चपलेची ही बारीक करकर येत नाही.

"वाजतंय," मी म्हणाले.

"कसं?"

मी तोंडानं आवाज काढून दाखवला. सोप्यावरच्या सगळ्या बायका काम थांबवून बघत होत्या. हे पुन्हा चालले, मी पुन्हा आवाज काढला, पावलाला पाऊल मिळवून.

मालकीणबाईंनी तेल लावायला सांगितलं होतं, पहिले आठ दिवस घरातच घाला म्हणाल्या होत्या. पण ह्यांनी ऐकलं नाही. जुन्या चपला तिथंच सोडल्या, कारण पिशवी नव्हती. परतीच्या प्रवासात चप्पल चावली. बेळगावात उतरलो तेव्हा अंगठ्याजवळ फोड आलेला, टाच सोललेली. गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, एका पायानं लंगडत, पाठीवर आईचा लाल पदर घेऊन चालायला लागले. मागून मी, करकर वाजवत.

शेजारचे ओट्यावरच होते. "काका, कुठनं?"

"दवाखान्यातनं," हे सवयीनं म्हणाले.

त्यांनी ह्यांच्या हातातल्या चपला बघितल्या, जाकीट बघितलं, वळून पाठ बघितली, मग माझे पाय बघितले.

"असला दवाखाना आम्हालाबी सांगा की ओ."